बिघडल्या केसांची निगराणी

वैशाखातली लग्नसराई आटोपून मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की मालवणच्या बाजारपेठेतील एका लहानशा पार्लरात डोक्यावरून ओढणी घट्ट लपेटलेल्या मुली येऊ लागतात. पावसासाठी ओढणी घेतली असावी असा पाहणाऱ्याचा समज व्हावा, परंतु आत येऊन, खुर्चीवर बसून, समोर आरसा आल्यानंतरही ती सोडायला मुलगी राजी होत नाही, आणि मालकिणीने काही विचारण्यापूर्वीच खाली मान घालून सांगते, "घराकच लावलंय." मालकीण रागावत नाही. ती एवढेच विचारते, "खोको हाडलंस?"

माझ्या भाचीच्या निमित्ताने मी तेथे बसू लागले आणि तिचे काम मार्गी लागल्यावरही बसत राहिले. बिघडलेले केस नीट करणे असे ज्याला लोक म्हणतात, त्यात नीट करण्यासारखे फारच थोडे असते, आणि जे असते ते निगराणीचे, मुदतीचे आणि टप्प्याटप्प्याने माघार घेण्याचे काम असते, ही गोष्ट त्या खुर्चीशेजारच्या बाकावर बसल्यावाचून माझ्या ध्यानात आली नसती.

केस सरळ करण्याच्या क्रीमच्या खोक्याचा आग्रह का, याचे कारण केसाच्या घडणीत आहे. केस म्हणजे केरॅटिन नावाच्या प्रथिनाच्या साखळ्यांची जुडी. तिच्यावर कौलारू छपरावरील कौलांप्रमाणे एकावर एक चढलेल्या पारदर्शक खवल्यांचे आवरण असते, आणि आतल्या साखळ्यांना एकमेकींशी जखडून ठेवणारे जे बंध असतात, त्यांतले सर्वांत चिवट बंध गंधकाच्या दोन अणूंमधले असतात. केसाचे वळण टिकते ते मुख्यतः या बंधांच्या जोरावर. आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक खोक्यांत दोन नळ्या असतात: पहिलीतील अमोनियम थायोग्लायकोलेटाचे क्रीम, ज्याचा सामू नऊच्या आसपास असतो, ते खवले फुगवून आत शिरते आणि गंधकाचे बंध तोडते, मग मोकळ्या झालेल्या साखळ्या विंचरून, ताणून सरळ केल्या, की दुसऱ्या नळीतील हायड्रोजन पेरॉक्साइडचे न्यूट्रलायझर तुटलेले बंध नव्या जागी पुन्हा जुळवते. गंमत अशी, की १९४०च्या दशकात अमेरिकेत हेच रसायन प्रचारात आले ते सरळ केस कुरळे करण्यासाठी. रसायनाला सरळ आणि कुरळे यांचे सोयरसुतक नाही; ते फक्त तोडते, आणि तोडलेले कोणत्या आकारात जोडावयाचे हे माणसाच्या हातावर सोडते.

दुसरी जात निराळी. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांच्या दाट कुरळ्या केसांसाठी अमेरिकेत जी रिलॅक्सर क्रीमे वाढीस लागली, त्यांत दाहक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, किंवा त्याचा एखादा सौम्य म्हणविला जाणारा भाऊबंद असतो. त्याचा सामू बारा-तेराच्या घरात जातो आणि त्याने तोडलेला बंध मूळ स्वरूपात पुन्हा कधीच जुळत नाही. या दोन रसायनांचे एकमेकांशी हाडवैर आहे. एकाने हाताळलेल्या केसांवर दुसरे पडले, तर केस वितळल्यागत हातात येतात. मालवणात ही जात सहसा मिळत नसली, तरी या किनाऱ्यावरच्या कैक घरांतले कोणी ना कोणी मस्कतला नाहीतर कुवेतला असते, आणि सुट्टीला येताना चॉकलेट-अत्तरांबरोबर कोणते खोके येईल याचा नेम नसतो. म्हणून मालकीण चष्मा लावून खोक्यावरची बारीक अक्षरे वाचते. खोके फेकून दिलेले असेल, तर मुलीला परत घरी पाठवून उकिरड्यावर शोधायला लावण्यासही ती कमी करीत नाही.

माझ्या भाचीचे खोके पहिल्या जातीचे निघाले, हे नशीब. बाकी सारे प्रतिकूल. चुलतबहिणीच्या हळदीच्या आदल्या संध्याकाळी तिने क्रीम लावले. कागदावर वीस मिनिटांची मुदत होती. एक बाजू सरळ दिसेना म्हणून तिने ती आपल्या अधिकारात वाढविली. आणि तेवढ्यात वळवाचा पाऊस येऊन लाइट गेली. लाइट गेली म्हणजे पंप बंद, टाकीत पाणी नाही. रहाटाने विहिरीचे पाणी काढून डोक्यावर ओतेपर्यंत क्रीम आपले काम करीतच राहिले होते. त्यापूर्वी दोन महिने केसांना काळी मेंदी लावलेली. काळी मेंदी ही मेंदी नव्हेच. तिच्यात रंगाचे रसायन असते, काहींत धातूंचे क्षारही असतात, आणि अशा केसांवर पेरॉक्साइड पडले म्हणजे काय होईल हे सांगवत नाही. त्यावर ओलसर केसांवरून फिरविलेला तापलेला स्ट्रेटनर. केसांच्या आतले पाणी त्या उष्णतेने उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि केस आतून फुटतो. चुर्र असा जो आवाज येतो तो त्याचाच. मुलीने त्याला केस सरळ होण्याचा आवाज समजून दुसऱ्या बटेला हात घातला.

डोक्याची आग होऊ लागली तेव्हा शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी लिंबू चोळण्याचा सल्ला दिला. अल्कलीला आम्ल मारते, हे शाळेत शिकलेले खरे. पण भाजलेल्या कातडीवर लिंबू पिळणे ही निव्वळ क्रूरता आहे. अशा वेळी करावयाचे ते एकच: भरपूर साधे थंड पाणी, आणि तेही निदान वीस मिनिटे, सतत. टाळू सोलली असेल, फोड किंवा पू असेल, तर ही मालकीण केसांना स्पर्शही करीत नाही. आधी डॉक्टरची चिठ्ठी दाखव, म्हणते. या बाबतीत ती सरकारी कचेरीइतकी कडक आहे, आणि ते योग्यच आहे. कारण केस तुटला तर मुळातून पुन्हा येतो, परंतु भाजून मुळावरच व्रण धरला, तर त्या जागी केस उगवत नाही, ही फारकत कायमची असते.

भाचीची टाळू आठवड्याभरात शांत झाली होती. मग तपासणी सुरू झाली. मालकिणीने डोक्याच्या पाच-सहा ठिकाणांहून एकेक केस काढून ओला केला आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून अगदी सावकाश ताणला. निरोगी ओला केस आपल्या लांबीच्या सुमारे ३० टक्के ताणला जाऊन सोडल्यावर पूर्ववत होतो. मानेवरचा केस तसा झाला. कपाळावरचा ताणत गेला, ताणतच गेला, आणि सोडल्यावर परत न येता तसाच लोंबत राहिला. कानामागचा तर ताण बसण्यापूर्वीच निसटून तुटला. हा पंचनामा होईपर्यंत तिघींपैकी कोणी बोलले नाही. नंतर भाची म्हणाली, "काकी, सगळेच कापून टाका." मालकिणीने कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली. "कापूक घाई करू नको गे. जा गेला ता गेला, उरला ता राखूया."

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. टाळूच्या बाहेर आलेला केस हा मृत द्रव्य आहे. त्यात रक्त नाही, मज्जा-नस नाही, स्वतःला भरून काढण्याची शक्ती नाही. हाताला झालेली जखम भरते, केसाला झालेली भरत नाही. बाटल्यांवर दुरुस्तीची जी ग्वाही छापलेली असते, तिचा अर्थ बहुधा एवढाच, की उचकटलेले खवले काही काळ चिकटून बसतील आणि फणी अडकणार नाही. २०१४ साली अमेरिकेत एरिक प्रेसली आणि क्रेग हॉकर या रसायनज्ञांनी तयार केलेले ओलाप्लेक्स बाजारात आले, आणि तेव्हापासून तुटलेले बंध जोडण्याचा दावा करणाऱ्या औषधांची रीघ लागली आहे. मालकिणीजवळ तसली एक बाटली आहे. तिचा ती वापर करतेही, पण ताणून तुटणाऱ्या केसांवर नव्हे. जो अजून अर्धा शाबूत आहे त्याच्यावर.

तेव्हा खरे काम असते ते सांध्याचे. टाळूतून महिन्याला सुमारे १ ते सव्वा सेंटिमीटर या मंदगतीने नवा, आपल्या जातीचा कुरळा केस बाहेर येत राहतो, आणि त्याच्या टोकाला जुना, सरळ, निर्जीव भाग लोंबत असतो. या दोहोंचा जेथे सांधा होतो, ती जागा सर्वांत नाजूक. विंचरताना, पुसताना, झोपेत कूस बदलताना केस तुटतो तो तेथेच, आणि तेथे तुटला म्हणजे नव्या वाढीचीही नासाडी होते. जुना भाग एकदम कापून टाकावा, तर मुलीला मुंडनाच्या वेशात वर्ष काढावे लागते. राखावा, तर रोज त्याची राखण करावी लागते. किती राखावयाचा आणि केव्हा सोडावयाचा, या निर्णयात या बाईचे सारे कसब आहे.

राखणीचे नेमनियम साधे पण काटेकोर होते. न्हाण्याच्या आदल्या रात्री, किंवा निदान काही तास अगोदर, घाण्याचे खोबरेल केसांच्या लांबीला लावावयाचे, टाळूला नव्हे. ही काही आजीबाईच्या बटव्यातली भाबडी श्रद्धा नाही. २००३ साली आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल आणि खोबरेल यांची तुलना करून दाखविले, की केसांतून धुऊन जाणारे प्रथिन तिन्हींपैकी खोबरेलच लक्षणीय प्रमाणात रोखते. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू सरळ आणि आटोपशीर असल्याने तो केसाच्या आत उतरतो आणि पाणी शोषून केस फुगण्याला आळा घालतो. माडांच्या सावलीत वाढलेल्या माणसाला या निष्कर्षाचा थोडा अभिमान वाटला, तर तो क्षम्य मानावा. मात्र धुण्यापूर्वी लावलेले तेल राखण करते. तुटलेला बंध ते जोडीत नाही, आणि स्ट्रेटनर फिरविण्यापूर्वी लावले तर तळण्याखेरीज दुसरे काही साधत नाही.

मग शाम्पू, तोही मगभर पाण्यात विरघळवून. नंतर कंडिशनर, किंवा जास्वंदीची पाने पाण्यात कुस्करून काढलेला बुळबुळीत रस, ज्याने गुंता सुटायला खरोखर मदत होते. शिकेकाईची भरड मालकिणीने बंद करविली. तिचे कण खवल्यांना घासतात. अंडे लावण्याचा सल्ला तर तिने हसण्यावारी नेला, कारण अंड्यातले अख्खे प्रथिन केसात शिरण्याइतके लहान नसते, आणि पाणी जरा गरम असले की उरतो तो फक्त वास. मेथी, माका, कांद्याचा रस अशा ज्या अनेक दरखास्ती शेजारणींकडून आल्या, त्या सर्व तिने सभ्यपणे दप्तरी दाखल करून ठेवल्या. पुसायला टॉवेल नको, जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. घासायचे नाही, दाबून पाणी टिपायचे. मोठ्या दातांचा कंगवा, आणि सुरुवात टोकांपासून. घट्ट वेणी नाही, अंबाडा नाही, रबरबँड नाही. उशीवर जुन्या रेशमी साडीचे कापड.

आषाढात या साऱ्यांची कसोटी लागली. सच्छिद्र झालेला केस पाणी अधाशासारखे पितो आणि सोडता सोडत नाही. मालवणच्या दमट हवेत तर सकाळी न्हालेल्या मुलीचे केस संध्याकाळी ओलेच. ड्रायरची मनाई होती, तेव्हा भाची माडीवरच्या पंख्याखाली पुस्तक घेऊन बसे. पुढे केस गळू लागले आणि घरात घबराट उडाली. मालकिणीने गळलेले केस कागदाच्या पुडीत घालून आणायला सांगितले, आणि पांढऱ्या कागदावर ते पसरून दोन ढीग केले: ज्यांच्या एका टोकाला मुळाचा पांढरा ठिपका होता ते एकीकडे, ज्यांची दोन्ही टोके नुसतीच होती ते दुसरीकडे. पहिले आपल्या मुदतीने गळलेले, आणि तसे रोज ५० ते १०० गळावेत हे कोणाच्याही डोक्याच्या बाबतीत स्वाभाविक आहे, दुसरे तुटलेले. पांढऱ्या ठिपक्यांचा ढीग फार मोठा असता, तर तिने कुडाळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे धाडले असते. मोठा ढीग दुसरा होता. "म्हणजे विंचरताना घाई करतंस," एवढाच निकाल तिने दिला. भाची काही बोलली नाही, त्या अर्थी तो खरा असावा.

गणपतीला घरी आलेल्या बायकांत केसांची चौकशी न केलेली एकही नसेल. अबोलीचा वळेसर माळायला अंबाडा नाही, हे दुःख भाचीपेक्षा तिच्या आजीला अधिक. सुरंगीच्या दिवसांपर्यंत थोडे वाढतील, अशी समजूत घालण्यात आली. वाढणार थोडेच होते, पण आजीला हिशेब सांगण्याची कोणाची छाती झाली नाही.

कातरण्याचे काम दर दीड-दोन महिन्यांनी होई, दर वेळी बोटभर. शेवटची कातरणी जत्रांच्या दिवसांत झाली. मालकिणीने केस ओले न करता, कोरडेच, एकेक बट बोटाभोवती गुंडाळून पाहिली. जेथे वळण संपून बट निर्जीव सरळ होई, तेथे कात्री लावली. कपाळावरच्या दोन बटा राहू द्याव्यात म्हणून भाचीने गळ घातली; एकीवर तडजोड झाली. आरशात जी मुलगी दिसली तिचे केस कानाखाली जेमतेम उतरलेले, दाट आणि लहानपणी होते तसे कुरळे होते. तिला ते आवडले की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून मला ठरविता आले नाही. तिने आधी पाठ, मग दोन्ही बाजू पाहिल्या, आणि पार्लरात केस सरळ करून घेण्याचा, रिबॉन्डिंगचा, दर विचारला.

मालकिणीने दर सांगितला. मग गिऱ्हाइकांची वही काढून भाचीच्या नावापुढे क्रीमची जात, काळी मेंदी, शेवटच्या कातरणीचा दिवस आणि त्याखाली ज्या तारखेपूर्वी या केसांवर कोणतेही रसायन घालावयाचे नाही ती तारीख लिहिली. ती पुढल्या पावसाळ्यानंतरची होती. शिमग्याच्या आत काही होणार नाही का, असे भाचीने दोनदा विचारून पाहिले. मालकिणीने वही मिटली आणि पुढच्या मुलीला खुर्चीवर बसायला सांगितले.