एकोणपन्नास पैसे की एक्कावन्न?

नागपूरहून काटोलच्या रस्त्याने जाताना एका गावाची शीव कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते, हे डोळ्यांना कळत नाही. तीच काळी जमीन, तोच कापूस, त्याच संत्र्यांच्या बागा. समजा, पावसाने दगा दिलेल्या एखाद्या वर्षी अलीकडच्या गावाची पैसेवारी ४९ निघाली आणि पलीकडच्या गावाची ५१. पहिल्या गावातील मुलांची परीक्षा फी माफ, साऱ्यात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत. दुसऱ्या गावाला यांतले काहीच नाही!

पैसेवारीला पूर्वी आणेवारी म्हणत. शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखून त्यातले पीक कापतात, वजन करतात आणि ते प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहतात. प्रमाण उत्पन्न एक रुपया मानले, तर यंदाचे किती पैसे? आकडा ५० च्या आत आला की गाव टंचाईग्रस्त. महाराष्ट्रात अनेक वर्षे हीच रेषा निर्णायक होती. चौकोन कोणत्या शेतात पडला, यानेही दोन-चार पैसे इकडेतिकडे होऊ शकतात, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

वर्गात आपण शिकतो, की घटक संचात असतो किंवा नसतो. १ किंवा ०. कॅलिफोर्निया विद्यापीठातील लोत्फी झादेह यांनी १९६५ मध्ये निराळी कल्पना मांडली. घटक संचात काही अंशी असू शकतो, ०.३ किंवा ०.७ सुद्धा. असा हा धूसर संच; इंग्रजीत त्याला ‘फझी सेट’ म्हणतात. समजा, ४० पैशांपर्यंत नापिकीचा अंश १, ६० पैशांपासून पुढे ०, आणि मध्ये सरळ उतार. मग ४९ ला ०.५५ आणि ५१ ला ०.४५. कडा नाहीशी झाली.

१९७० मध्ये झादेह आणि रिचर्ड बेलमन यांनी ही कल्पना निर्णय घेण्यासाठी वापरली. ‘पीकही बुडाले आणि पाणीही नाही’ यातील ‘आणि’ साठी दोन अंशांपैकी लहान अंश घ्यायचा. तीन काल्पनिक गावे घेऊ. पाणीटंचाईचा अंश टँकर किती महिने लागतो यावरून ठरवला आहे.

गाव अ: पैसेवारी ४९, नापिकी ०.५५, पाणीटंचाई ०.२.
गाव ब: पैसेवारी ५१, नापिकी ०.४५, पाणीटंचाई ०.८.
गाव क: पैसेवारी ४२, नापिकी ०.९, पाणीटंचाई ०.४.

लहान अंश अनुक्रमे ०.२, ०.४५ आणि ०.४. म्हणजे जुन्या रेषेने वगळलेले गाव ब येथे पहिले आले! पण थांबा. लहान अंशाऐवजी सरासरी काढली, तर ब ला ०.६२५ आणि क ला ०.६५. आता क पहिले.

जागतिक बँकेची सवलतीची कर्जे कोणत्या देशांना द्यायची, हे ठरवतानाही दरडोई उत्पन्नाची एक रेषा असते, आणि रेषेच्या जरा वर असलेल्या देशाचे दुखणे आपल्या ५१ पैशांच्या गावासारखेच. आपल्याकडे केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पाऊस, पिकांची हिरवाई, जमिनीतील ओल, जलाशयातील साठा असे अनेक निर्देशांक विचारात घेतले. मात्र त्यांची सांगड कशी घालायची, हे माणसांनाच ठरवावे लागते.

वरच्या उदाहरणातील ४० आणि ६० ही टोके मीच निवडली होती. त्याऐवजी ४५ आणि ५५ घेऊन लहान अंश पुन्हा काढून पाहा. ब ०.४, क ०.४. पहिला टँकर कोठे पाठवाल?