सोय वाढवण्याआधी

नवी सोय कोणाला नको असते? पण घराला खोली वाढवायची, तर आधी पाया पाहावा लागतो. संगणकाच्या भाषांचेही तसेच आहे. मी हौसेने 'हॅस्केल' या भाषेची जडणघडण अभ्यासतो आणि तिच्या कर्त्यांची सबुरी मला सर्वांत मोलाची वाटते.

१९८७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील पोर्टलंड येथे एका परिषदेसाठी काही संशोधक जमले. एकाच तत्त्वाच्या डझनाहून अधिक भाषा तेव्हा निरनिराळ्या ठिकाणी नांदत होत्या. त्यांऐवजी एक सामाईक भाषा करायचे ठरले. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव तिला मिळाले. १९९० मध्ये तिचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला.

या भाषेचा दंडक कडक. तिच्यातले प्रत्येक फंक्शन पिठाच्या गिरणीसारखे. तेच धान्य घातले, की तेच पीठ! पण कळफलकावर माणूस काय टंकणार, हे दर वेळी वेगळे. मग अशा भाषेने बाहेरच्या जगाशी बोलायचे कसे? सुरुवातीच्या तोडग्यांनी काम भागे, पण मोठ्या कष्टाने. दंडक जरा सैल केला असता, तर ही अडचण चटकन दूर झाली असती. तो मोह त्यांनी टाळला.

उत्तर आले गणिताच्या एका अमूर्त शाखेतून. युजेनिओ मोज्जी यांनी १९८९ मध्ये 'मोनॅड' ही कल्पना प्रोग्रॅमचा अर्थ उलगडण्यासाठी मांडली. फिलिप वॅडलर यांनी ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या उपयोगी आणली. तिचे सार अगदी घरगुती आहे. वाणसामानाची यादी करणे म्हणजे सामान आणणे नव्हे. फंक्शनने फक्त यादी करायची, बाजारात दुसऱ्याने जायचे. दंडक शाबूत आणि कामही फत्ते! १९९६ मध्ये हीच पद्धत भाषेत रूढ केली गेली.

एवढे करूनही किंमत चुकली नाही. मोनॅडचे 'ॲप्लिकेटिव्ह' या दुसऱ्या कल्पनेशी असलेले नाते पुढे स्पष्ट झाले. २०१५ मध्ये ते भाषेत पक्के केले गेले, तेव्हा कित्येक जुन्या प्रोग्रॅमांची डागडुजी करावी लागली.

आज हॅस्केलच्या प्रमुख कंपायलरमध्ये नवी सोय हवी असेल, तर कोणीही लेखी प्रस्ताव देऊ शकतो. गरज काय, पर्याय कोणते, तोटे कोणते, हे त्यात लिहावे लागते. निर्णय समिती घेते. मी असा प्रस्ताव उघडला, की आधी तोट्यांचे कलम वाचतो. सोय मागणारा एक असतो. तिचा भार मात्र पुढच्या सगळ्यांना वाहावा लागतो.