हवा गाळताना

एअरजेट मागावर धोटा नसतो. नोझलमधून सुटणारा दाबाच्या हवेचा झोत बाण्याचा धागा ताण्यातून पलीकडे नेतो. ही हवा थेट सुताला शिवते, म्हणून तिच्यातला मळ कापडावर उतरतो. हे ठाऊक असूनही काही वर्षांपूर्वी इचलकरंजी परिसरातल्या एका कारखान्यात फिल्टर निवडताना मी चुकलो. माझ्याकडे अभियांत्रिकीची पदवी नाही. शिकलो ते पुस्तकांतून आणि अशा चुकांतून.

तिथे तेल वापरणारा स्क्रू कॉम्प्रेसर होता आणि कापडावर बारीक ठिपके येत होते. मी कॅटलॉगमधला सर्वांत बारीक, ०.०१ मायक्रॉनचा फिल्टर सुचवला आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच बसवून घेतला. महिनाभरात तागे परत आले. जॉबरने विचारले, ‘‘साहेब, फिल्टर एवढा बारीक घातला, मग तेल आलं कुठनं?’’

मी फिल्टरला चहाची गाळणी समजत होतो. प्रत्यक्षात त्याच्या तंतूंमधल्या फटी पकडायच्या कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. जड कण वळणावर वळू शकत नाहीत आणि तंतूवर आदळतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि तंतूला चिकटतात. सर्वांत अवघड असतात ते या दोहोंमधले, साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे. तेलाचे तुषार असेच अडकतात, एकमेकांत मिसळून थेंब होतात आणि तळाशी निथळतात. याला कोअलेसिंग फिल्टर म्हणतात. पण तेलाची वाफ हा वायूच. ती यातून सहज निसटते. मी फिल्टर गरम हवेत बसवला होता. वाफ पार झाली, पुढे पाइपात थंडावली आणि थेंब होऊन कापडावर पोचली.

पाण्याचेही तसेच. ३० अंश सेल्सिअस आणि ८० टक्के आर्द्रतेच्या १०० घनमीटर हवेत सुमारे २.४ किलो पाणी असते. तीच हवा ७ बारपर्यंत दाबून ४० अंशांपर्यंत थंड केली, की त्यातले सुमारे पावणेदोन लिटर पाणी सुटे होते. हे पाणी आधी काढले नाही, तर पुढचे सगळे फिल्टर भिजत राहतात. म्हणून क्रम असा: कूलर, टाकी, जाड फिल्टर, रेफ्रिजरेशन ड्रायर, बारीक कोअलेसिंग फिल्टर आणि शेवटी वाफ शोषणारा सक्रिय कोळसा. कोळसा संपला तरी दाबमापकावर काही दिसत नाही. तो तासांच्या हिशेबानेच बदलावा लागतो.

फिल्टरचा आकार ठरवतानाही फसगत होते. कॅटलॉगमधली क्षमता बहुधा ७ बारसाठी असते. ५ बारवर हवा जास्त जागा घेते, म्हणून तोच फिल्टर सुमारे तीन चतुर्थांशच हवा पेलतो. लहान किंवा तुंबलेला फिल्टर दाब खातो आणि तो भरून काढायला कॉम्प्रेसरचा दाब वाढवावा लागतो. ७ बारच्या आसपास दर एक बारमागे वीज सहा-सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे गरजेपेक्षा बारीक फिल्टर हीसुद्धा उधळपट्टीच.

मग गरज ठरवायची कशी? आयएसओ ८५७३-१ या मानकात हवेची शुद्धता तीन आकड्यांत सांगतात: पहिला कणांचा, दुसरा पाण्याचा, तिसरा तेलाचा. १:४:१ मधला ४ म्हणजे दाबाखालचा दवबिंदू ३ अंश किंवा त्याहून कमी. शेवटचा १ म्हणजे वाफ धरून एकूण तेल घनमीटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंतच. गॅरेजमधल्या पाना फिरवणाऱ्या हत्याराला एवढी शुद्धता नको. सुताला शिवणाऱ्या हवेला हवी.

आता कुठेही गेलो की कॅटलॉग मिटून ठेवतो आणि आधी विचारतो, ही हवा शिवणार कशाला? मग कूलरपासून शेवटच्या नोझलपर्यंत पाइपाच्या कडेने चालत जातो. त्या कारखान्यातला फिल्टर आम्ही ड्रायरच्या पुढे हलवला, त्यामागे कोळसा बसवला, तेव्हा ठिपके थांबले. परत आलेले तागे मात्र मालकाने पडत्या भावाने विकले. सल्ला माझा होता, तोटा त्याने सोसला.