सोनोग्राफीच्या खोलीबाहेरची सिस्टर

मार्च २०२३मध्ये दिल्लीच्या एम्समधून आलेली एक बातमी अनेकांना आठवत असेल. पोटातल्या बाळाचं द्राक्षाएवढं हृदय, त्याची अरुंद झालेली झडप, आईच्या पोटातून थेट त्या हृदयात नेलेली सुई आणि सुईतून सरकवून फुगवलेला छोटा फुगा. हे सगळं ९० सेकंदांत झालं. आई २८ वर्षांची होती आणि तिने आधी तीन गर्भ गमावले होते. हृदयरोगतज्ज्ञ आणि गर्भवैद्यकातले डॉक्टर यांचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं.

अशा प्रत्येक ९० सेकंदांच्या आगेमागे मात्र कित्येक आठवडे असतात. त्या आठवड्यांत आईचा रक्तदाब कोण बघतं, रात्री दोन वाजता ‘बाळ हलत नाहीये’ म्हणून घाबरलेल्या बाईजवळ कोण येऊन बसतं, डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलेलं पुन्हा समजेल अशा भाषेत कोण सांगतं? बहुतेक वेळा सिस्टर. बाळात व्यंग असल्याचं कळल्यावर आईचं पुढे काय होतं, हे निदानाइतकंच परिचर्येवर अवलंबून असतं, असं माझं ठाम मत आहे. आपल्या रुग्णालयांच्या रचनेत या कामाला अजून नाव नाही, जागा नाही आणि वेळही नाही.

व्यंगांचं निदान मुख्यतः दोन टप्प्यांवर होतं. पहिला टप्पा ११ ते १३ आठवड्यांचा. तेव्हा बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजतात आणि आईच्या रक्ताची तपासणी करतात. दुसरा १८ ते २० आठवड्यांचा. त्या सोनोग्राफीला दिल्लीत सगळे ‘लेव्हल टू’ म्हणतात. मेंदू, पाठीचा कणा, हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडं, ओठ, हातपाय असं एकेक बघितलं जातं. याच तपासणीत डॉक्टर अचानक गप्प होतात, प्रोब एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवतात आणि आईला काहीतरी बिनसल्याचं कळतं. ती खोलीबाहेर येते तेव्हा पुढचा नंबर पुकारलेला असतो आणि बाकावर तिच्यासारख्याच पोटं घेऊन बसलेल्या बायका असतात.

या क्षणी तिला आकडे किंवा वैद्यकीय नावं समजत नाहीत. तिला आधी बसायला जागा लागते, शेजारी नवरा किंवा आई लागते. आज तिच्यापुढे दोनच गोष्टी आहेत, पुढची तपासणी कुठली आणि ती कधी, एवढंच तिला सांगायचं असतं. अनुभवी सिस्टर हे जाणते. ती फाइल हातात घेते, तारीख लिहून देते आणि घरी गेल्यावर सुचतील ते प्रश्न कागदावर लिहून आणायला सांगते. दिल्लीच्या रुग्णालयांतल्या कितीतरी सिस्टर केरळच्या. मातृभाषा मल्याळम, आणि समोरची बाई बिहारची, हरियाणाची किंवा नोएडात नोकरीला आलेल्या मराठी कुटुंबातली. हिंदीत ‘घबराओ मत’ म्हणणं सोपं असतं. ‘तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही’ हे पटेल असं सांगणं अवघड.

आणि तेच सर्वांत आधी सांगावं लागतं. बाळाचा ओठ दुभंगलेला दिसला की घरात ग्रहणाचा विषय निघतो. गरोदर असताना ग्रहणात विळी हातात घेतली होती का, भाजी चिरली होती का, याची चौकशी सुरू होते. मराठी घरंही याला अपवाद नाहीत. डोहाळजेवणाच्या तयारीत असलेल्या घरात ही बातमी आली की बोट सुनेकडे वळतं. दुभंगलेल्या ओठाचा ग्रहणाशी काडीचाही संबंध नाही. बहुतेक व्यंगांचं नेमकं कारण सापडत नाही. काहींमागे गुणसूत्रांतला किंवा जनुकातला बदल असतो, काहींमागे गर्भ राहण्याआधीचा अनियंत्रित मधुमेह, एखादं औषध, संसर्ग किंवा फोलिक अॅसिडची कमतरता. सासूबाईंना बाजूला बसवून हे शांतपणे समजावणारी सिस्टर त्या आईचं पुढचं आयुष्य सुसह्य करते.

पुढे बहुधा गर्भजलाची तपासणी येते. ती साधारण १६ आठवड्यांनंतर करता येते. सुईचं काम काही मिनिटांचं, पण सिस्टरची तयारी त्याआधीच सुरू झालेली असते. रक्तगट बघणं, आई आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनची व्यवस्था, संमतीपत्र आणि लिंग जाणून घ्यायचं नाही याचं लेखी निवेदन. १९९४च्या केंद्रीय कायद्याने लिंगनिदानाला बंदी आहे. त्याआधी १९८८मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला होता. सुई काढल्यावर बाळाचे ठोके पुन्हा बघायचे, काही वेळ आईला झोपवून ठेवायचं आणि घरी जाताना सांगायचं: अंगावरून पाणी गेलं, रक्त दिसलं, ताप आला किंवा पोटात कळा आल्या तर वाट न बघता परत या. काही अहवाल थोड्या दिवसांत येतात, गुणसूत्रांचा पूर्ण अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागतात. बायका झोपत नाहीत, जेवत नाहीत, बाळाशी बोलणं बंद करतात. एका ओळखीच्या सिस्टरचा फोन या काळात मोठं काम करतो.

कायद्याचं घड्याळही चालू असतं. २००८ साली मुंबईतलं एक दांपत्य आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. बाळाच्या हृदयातला दोष गर्भपातासाठीची तेव्हाची २० आठवड्यांची मर्यादा उलटल्यावर कळला होता. न्यायालयाने परवानगी नाकारली, पण त्या खटल्याने देशभर प्रश्न उभा केला. कायदा बदलायला २०२१ उजाडलं. आता बाळात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं, तर गर्भपाताला आठवड्यांची वरची मर्यादा नाही. मंडळाने विनंती आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं आणि पाच दिवसांत प्रक्रिया व्हावी, असं नियम सांगतात. प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरते; नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही कायदा मागत नाही. तिची ओळख गुप्त ठेवण्याचं बंधनही कायद्यातच आहे.

तरीही प्रकरणं न्यायालयात जातात. डिसेंबर २०२२मध्ये दिल्लीत ३३ आठवड्यांच्या एका गरोदर स्त्रीच्या बाळाच्या मेंदूत व्यंग आढळलं होतं. लोकनायक रुग्णालयाच्या मंडळाचं मत तिच्या विरोधात गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी डॉक्टरांचं म्हणणं ऐकलं आणि अखेर आईच्या निवडीला महत्त्व देत परवानगी दिली. पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३२ आठवड्यांच्या प्रकरणात मंडळाचा नकार बाजूला ठेवून असाच निर्णय दिला. वकील, सुनावण्या आणि मंडळासमोरची हजेरी या धावपळीत तिचं हिमोग्लोबिन किती आहे, पायाला सूज आहे का, ती जेवली का, हे विचारणारंही कुणीतरी लागतं.

काही आया गर्भपाताचा निर्णय घेतात. त्या निर्णयावर शेरा मारण्याचा अधिकार कुणालाही नाही, वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांनाही नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यातला गर्भपात म्हणजे प्रत्यक्षात बाळंतपणच असतं. आधी गोळी, एक-दोन दिवसांनी दुसऱ्या गोळ्या आणि मग कळा. कळा तेवढ्याच दुखतात, पण ‘लवकर आटपेल’ म्हणून वेदनाशामक देण्यात हयगय होते. तिची खाट नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांच्या ओळीत असते, पलीकडे पेढे वाटले जात असतात. तिला कोपऱ्यातली खाट देणं, मध्ये पडदा ओढणं, बाळ बघायचंय का हे एकदा विचारून उत्तरासाठी वेळ देणं, यातल्या कशालाही पैसा लागत नाही. बघायचं म्हणाली तर बाळ स्वच्छ पुसून, कापडात गुंडाळून हातात द्यावं. नको म्हणाली तर आग्रह नको आणि नंतर विचार बदलला तर नकारही नको.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं. हे तिला आधी कुणी सांगितलेलं नसेल, तर तो क्षण फार वाईट असतो. हातात बाळ नाही आणि छाती भरून आलेली. दूध पिळून काढू नका, नीट आधार देणारी ब्रा घाला, थंड पट्ट्या ठेवा, फार दुखलं किंवा ताप आला तर या, दूध थांबवणारी गोळी हवी असेल तर डॉक्टरांना विचारू, या सूचना घरी पाठवण्याआधी दिल्याच पाहिजेत. बाळाची उत्तरीय तपासणी कशासाठी करायची तेही सांगायला हवं, कारण पुढच्या गरोदरपणाचा धोका त्यातून कळू शकतो. बाळाच्या मेंदूत किंवा कण्यात व्यंग होतं, तर पुढच्या वेळी गर्भ राहण्याआधीपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने फोलिक अॅसिडचा मोठा डोस लागतो. उत्तर भारतात ही व्यंगं जास्त दिसतात, म्हणून दिल्लीच्या वॉर्डांत हा सल्ला विशेष मोलाचा.

ज्या आया गरोदरपण पुढे नेतात, त्यांच्या परिचर्येत कौशल्याचा कस लागतो. बाळाची अन्ननलिका बंद असेल तर त्याला गर्भजल गिळता येत नाही. पाणी वाढत जातं, आईचं पोट ताणतं, धाप लागते, कळा वेळेआधी येतात. अशा आईची पाण्याची पिशवी फुटली की नाळ आधी बाहेर येण्याची भीती असते, म्हणून सिस्टर तत्क्षणी बाळाचे ठोके बघते. ताणलेलं गर्भाशय बाळंतपणानंतर नीट आकसत नाही, म्हणून जास्त रक्तस्रावाची तयारी आधीच करून ठेवते.

बाळ जन्मल्यावरची पहिली मिनिटं तर पूर्णपणे आधीच्या माहितीवर चालतात. पोटातली आतडी पोट आणि छातीमधल्या पडद्यातल्या छिद्रातून छातीत गेलेली असतील, तर त्या बाळाला नेहमीसारखा मास्क लावून फुगा दाबायचा नाही. हवा आतड्यांत भरते आणि फुप्फुसं आणखी दाबली जातात. थेट श्वासनलिकेत नळी घालावी लागते. आतडी पोटाबाहेर असतील तर ती निर्जंतुक प्लॅस्टिकच्या पिशवीत झाकायची, म्हणजे ओलावा आणि ऊब टिकते. पाठीच्या कण्यावर उघडी गाठ असेल तर बाळाला पालथं ठेवायचं, गाठीवर सलाइनमध्ये भिजवलेली निर्जंतुक पट्टी ठेवायची आणि लेटेक्सचे हातमोजे टाळायचे. अन्ननलिका बंद असेल तर तोंडात दुधाचा थेंबही घालायचा नाही, मध आणि गुटी तर दूरच. ही माहिती लेबर रूमच्या सिस्टरच्या हाती बाळंतपणाआधी पोचलेली असावी लागते. कुठल्या शिफ्टमध्ये कळा येतील हे कुणालाच सांगता येत नाही.

दिल्ली परिसरात आणखी एक अडचण आहे. नोएडा उत्तर प्रदेशात, गुरुग्राम आणि फरीदाबाद हरियाणात. मेट्रोने जोडलेलं शहर, पण सरकारं आणि आरोग्य यंत्रणा वेगवेगळ्या. जिथे बाळंतपण होतं तिथे बालशल्यचिकित्सक असतोच असं नाही. जन्मलेल्या आजारी बाळाला रुग्णवाहिकेतून शहरभर फिरवण्यापेक्षा आईलाच आधी योग्य ठिकाणी हलवणं केव्हाही बरं. दिल्लीत लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय आणि शेजारचं कलावती सरन बालरुग्णालय अशी आई-बाळाची सोय जवळजवळ आहे, याचं महत्त्व म्हणूनच मोठं.

शस्त्रक्रियेसाठी बाळ दुसऱ्या मजल्यावर गेलं की बाळंतीण एकटी पडते. तिला पहिल्या काही तासांतच दूध काढायला शिकवायचं, दिवसातून किमान आठ वेळा. स्वतःच्या हाताने बाळासाठी करता येण्यासारखं त्या दिवसांत तिच्याकडे बहुधा एवढंच असतं. दूध कमी पडलं तर दुग्धपेढीचा आधार असतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. लेडी हार्डिंगमध्ये ‘वात्सल्य मातृ अमृत कोश’ ही पेढी २०१७मध्ये उभी राहिली.

काही व्यंगांत बाळ जगणार नाही हे आधीच कळतं आणि तरीही आई पूर्ण दिवस भरायचं ठरवते. तिथे बाळाला त्रास होऊ न देणं, ऊब देणं, आईच्या छातीवर ठेवणं आणि घरच्यांना भेटू देणं एवढंच उरतं. अशा परिचर्येची लेखी पद्धत आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे.

सिस्टरचंही मन असतं. एका खाटेवर अभिनंदन करून दुसऱ्या खाटेवर अश्रू पुसायचे, आणि ड्यूटी संपली की घरी जाऊन आपल्या मुलांचा अभ्यास घ्यायचा. २०१८मध्ये केंद्र सरकारने १८ महिन्यांचं प्रसूतिसेविका-प्रशिक्षण आखलं, ते स्वागतार्हच आहे, पण त्याचा भर सुरळीत बाळंतपणावर आहे. ब्रिटनमध्ये गर्भातल्या व्यंगाचं निदान झालेल्या पालकांना आधार देणारी स्वतंत्र संस्था १९८८पासून काम करते आणि गर्भवैद्यक विभागांत त्या कामाच्या खास प्रसूतिसेविका असतात. आपल्याकडे गर्भवैद्यक विभागात तयार झालेल्या सिस्टरची काही महिन्यांत शस्त्रक्रियागृहात बदली होते आणि शिकलेलं सगळं वाया जातं. दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयांनी निदान एवढं करावं: अशा प्रत्येक आईसाठी पहिल्या निदानापासून सुटीपर्यंत एकच ठरलेली, प्रशिक्षित सिस्टर, जिची बदली सहजासहजी होणार नाही.

ज्यांच्या घरात ही वेळ येईल त्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ‘लेव्हल टू’ २० आठवड्यांच्या आत करून घ्या, कारण विचाराला वेळ मिळतो. वैद्यकीय मंडळाच्या मताची मुदत तीन दिवसांची आहे, त्या मुदतीत मत मागून घ्या. गर्भपातानंतर कायद्यानुसार सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. बाळ मृत जन्मलं किंवा जन्मानंतर लगेच गेलं, तर केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना सप्टेंबर २०२२च्या आदेशानुसार ६० दिवसांची विशेष रजा आहे. दिल्लीत अशी नोकरी करणाऱ्या मराठी स्त्रिया पुष्कळ आहेत. आणि भेटायला जाणाऱ्या नातेवाइकांनी ‘पुढच्या वेळी होईल गं’ म्हणू नये, ग्रहणाचा विषय काढू नये. डबा घेऊन जावं, बाळाचं नाव ठेवलं होतं का ते विचारावं आणि ती बोलेल ते ऐकावं.