मुक्या माणसाची गिटार

‘पॅरिस, टेक्सास’ हे नाव ऐकून कोणीही फसेल. मीही फसले. आमच्या इंग्रजीच्या सरांनी एका शनिवारी तास संपल्यावर हा चित्रपट दाखवायचे ठरवले, तेव्हा आम्हा मुलींना वाटले, आता आयफेल टॉवर दिसणार! प्रत्यक्षात दिसले ते ओसाड वाळवंट, लाल टोपी घातलेला एक दाढी वाढलेला माणूस, आणि त्याचे चालणे. पॅरिस नावाचे गाव अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातही आहे, हे त्या दिवशी कळले. अर्ध्या मुली एस.टी.च्या वेळेचे निमित्त काढून उठून गेल्या. मी थांबले. कथेसाठी नव्हे, त्या चालण्यामागे वाजणाऱ्या गिटारीसाठी.

संगीताचे शिक्षण मला नाही. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. हार्मोनियम पाहिली ती गावच्या भजनी मंडळाची, तीही दुरून. तरी पुढचे दोन महिने मी हे संगीत फोनवर ऐकले, त्याविषयी मिळेल ते वाचले, सरांना भंडावून सोडले. त्यातून जे कळले ते येथे मांडते. जाणकारांनी चूकभूल द्यावी घ्यावी.

चित्रपट १९८४ चा. दिग्दर्शक विम वेंडर्स हे जर्मन. कान येथील महोत्सवात त्या वर्षी त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. संगीत राय कूडर यांचे. हे मूळचे रॉक संगीतातले गिटारवादक. ‘रोलिंग स्टोन्स’ या गाजलेल्या इंग्लिश वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकांतही त्यांनी वाजवले आहे. रॉक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोंगाट आणि उड्या येतात. येथे त्यातले काहीच नाही. एक स्वर येतो, लांबतो, थरथरतो, विझतो. मग शांतता. ती इतकी की वाटावे, वादक उठून गेला की काय! मग दुसरा स्वर.

कूडर यांनी एक गोष्ट सांगितली आहे ती मला फार आवडली. वाळवंटात चित्रीकरण चालू असताना ध्वनियंत्रात जो वारा शिरला, तो एका ठराविक स्वरावर, पाश्चात्त्य ज्याला ई-फ्लॅट म्हणतात त्यावर घोंगावत होता. त्यांनी आपले वादन त्याच स्वरात बसवले. आपल्याकडे तंबोरा गायकाला षड्ज देतो. येथे तो वाऱ्याने दिला.

आता ही गिटार अशी रडल्यासारखी का वाटते? गिटारीच्या दांड्यावर धातूचे पडदे असतात. बोटाने तार पडद्यामागे दाबली की एक स्वर, पुढच्या पडद्यामागे दाबली की दुसरा. म्हणजे स्वरांच्या पायऱ्या झाल्या, हार्मोनियमच्या पट्ट्यांसारख्या. पण बोटात काचेची किंवा लोखंडाची नळी घालून ती तारेवर नुसती टेकवली आणि सरकवली, तर पायऱ्या नाहीशा होऊन उतार होतो. पूर्वी बाटलीची मान तोडून ही नळी करीत. आपण ज्याला मींड म्हणतो ती हीच. दोन स्वरांच्या मधली, जिला नाव नाही अशी जागाही त्यात सापडते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ या गाण्यात गंधार पुष्कळदा पुरता कोमल नसतो आणि पुरता शुद्धही नसतो, मध्येच कोठेतरी लोंबकळतो. आमच्या भजनातले म्हातारे बुवा नेमके तेथेच गातात. पेटीवाला बिचारा दोन्ही पट्ट्या चाचपत राहतो!

ही सरकती गिटार आपल्याला अगदीच परकी नाही. हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ले यांनी अशाच गिटारीवर वाजवलेली हिंदी चित्रपटगीते आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने ऐकलेली आहेत. पुढे जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीत फेरफार करून मोहनवीणा घडवली. त्यांनी आणि याच राय कूडर यांनी मिळून वाजवलेली ध्वनिमुद्रिका १९९३ मध्ये निघाली आणि तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ती जरूर ऐकावी. एक राग वाजवतो, एक ब्लूज. भांडण कोठेच होत नाही.

मात्र ‘पॅरिस, टेक्सास’ची मूळ धून कूडर यांची नव्हे. ती ब्लाइंड विली जॉन्सन या टेक्सासच्याच अंध गायकाची. त्याने ती १९२७ मध्ये डल्लास शहरात ध्वनिमुद्रित केली. ते गाणे भक्तीचे आहे, पण त्यात शब्दच नाहीत. जॉन्सन नुसता कण्हतो, गुणगुणतो, आणि गिटार त्याच्यामागून तेच म्हणते. जात्यावर एकीने ओवी सुरू करावी आणि दुसरीने मागून सूर धरावा, तसे. १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांतून पृथ्वीवरचे निवडक आवाज अंतराळात पाठवले, त्यांत हे कण्हणेही आहे. कूडर यांनी १९७० मध्येच आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ही धून वाजवली होती. चौदा वर्षांनी चित्रपटासाठी ते तिच्याकडे परतले, तेव्हा माणसाचा आवाज मुळी नव्हताच. उरली एकटी गिटार. माझ्या मते सगळी करामत येथे आहे. चित्रपटातला ट्रॅव्हिस सुरुवातीला कितीतरी वेळ एक शब्द बोलत नाही. भाऊ विचारतो, डॉक्टर विचारतो, हा गप्प. जे त्याला बोलता येत नाही ते गिटार बोलते, आणि तीही शब्दांवाचून. शेवटी आरशाच्या काचेपलीकडे बसलेल्या बायकोला तो टेलिफोनवरून सगळी हकीकत सांगू लागतो, तेव्हा गिटार मागे सरते. जेथे माणूस बोलतो तेथे तिचे काम नाही, हे कळायला मोठी समज लागते. आपल्या चित्रपटांत अशा वेळी पन्नास व्हायोलिने धावून आली असती!

ब्लूज जन्मले ते दक्षिण अमेरिकेत नव्हे (मी आधी तसेच समजत होते), तर संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात, कापसाच्या मुलखात. गुलामगिरी कायद्याने गेली तरी कृष्णवर्णीय माणसे बटाईने तोच कापूस पिकवीत आणि वेचीत राहिली. आपल्या जिल्ह्याचा या कापसाशी जुना संबंध आहे. १८६१ ते १८६५ या काळात तेथे यादवी युद्ध झाले, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, म्हणून साहेबाची नजर हिंगणघाटच्या कापसाकडे वळली. वर्ध्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ मध्ये पोहोचली. थोडे विषयांतर होईल, पण १९३६-३७ च्या हिवाळ्यात बेंजामिन मेज नावाचे कृष्णवर्णीय विद्वान वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते. त्यांचे आईवडील गुलामीत जन्मलेले, पुढे दुसऱ्याच्या जमिनीवर कापूस पिकवणारे. मेज हेच पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांचे गुरू झाले.

त्यांचे दुःख आणि आमचे एकच, असे मी म्हणणार नाही. आमच्या बापजाद्यांना कोणी बाजारात विकले नाही. पण पऱ्हाटीत उभे राहून दिवसभर वाकणे मला माहीत आहे. माझी आई आमचे चार एकर उरकले की दुसऱ्याच्या शेतात किलोमागे पैसे घेऊन वेचायला जाते. वेचताना बाया गातात, त्यात शब्द थोडे आणि ओढ जास्त.

२०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळी आली, तेव्हा मी शाळेत होते. बोंड बाहेरून हिरवेगार, फोडले की आत किडा. त्या हिवाळ्यात माझे बाबा बोलायचे थांबले. रागावले नव्हते, आजारीही नव्हते. संध्याकाळी ओट्यावर बसत, आई विचारी, “भाकर वाढू?” तर मान हलवीत. आम्ही भावंडे घरात चवड्यांवर चालत असू. आजूबाजूच्या गावांतून ज्या बातम्या येत, त्या आई आमच्यापासून लपवी. पण आम्हाला कळत. महिनाभराने एकदा बैल सुटला म्हणून ते मोठ्याने ओरडले, तेव्हा आई पदर तोंडाला लावून रडली. त्या महिन्याविषयी आमच्या घरात आजवर कोणी बोललेले नाही. लाल टोपीचा तो माणूस चालत होता, तेव्हा मला ओट्यावरचे बाबा दिसत होते. म्हणून मी उठून गेले नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी ही धून फोनवर लावली. बाबा वखराची दोरी वळत बसले होते. थोडा वेळ ऐकून म्हणाले,

“हा वाजवणारा मधातच थांबते काहून?”

मी सरसावून बसले. मींड, गंधार, ट्रॅव्हिस, सगळे ओठांवर होते. “बाबा, त्याचं असं आहे की...”

“समजलं,” ते म्हणाले. “राहू दे चालू.”