वारशानें आलेलें रिव्हॉल्व्हर

मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या गांवांत बंदूक ही कांहीं नवलाची वस्तु नव्हे. रानडुकरें, माकडें आणि गवे यांच्यापासून भातशेती व बागायत राखण्याकरितां परवान्यावर दिलेली ठासणीची बंदूक सिंधुदुर्ग जिल्ह्यांत अनेक घरीं आढळते. आणि निवडणूक आली कीं ती पोलिस ठाण्यांत जमा करण्याची धांदलहि तेथें ओळखीचीच आहे. रिव्हॉल्व्हरची गोष्ट निराळी. शेताच्या राखणीशीं त्याचा संबंध नसतो. कोणा मामलेदार आजोबांबरोबर, पलटणींतल्या डॉक्टराबरोबर, नाहीं तर संस्थानच्या नोकरींतल्या चुलत-पणजोबांबरोबर तें घरांत येतें, आणि धनी गेल्यावर माळ्यावरच्या पेटींत जुन्या धोतराच्या फडक्यांत पडून राहतें. मुलें मुंबई-पुण्यास असतात. घर उघडतें तें गणपतींत. अशा वेळीं एखाद्याच्या हातीं तें गांठोडें लागतें, आणि पहिला प्रश्न निघतो तो किंमतीचा.

वास्तविक पहिला प्रश्न, तें भरलेलें तर नाहीं ना, हा असावयास पाहिजे. चापाला बोट लावूं नये, घोडा ओढून पाहूं नये, आणि नळी माणसाकडे वळवूं नये. अगदीं जुन्या जातीच्या रिव्हॉल्व्हरांत काडतूस नसे. फिरत्या चक्राच्या प्रत्येक घरांत दारू व गोळी ठासून मागें टोपी बसवीत. अशी ठासलेली दारू शंभर वर्षांनींहि पेट घेऊं शकते. दुसरें भय सफाईचें. पितळेच्या भांड्यांना चिंच लावणाऱ्या आपल्या घरांत लोखंडालाहि कांहीं तरी चोळावें असा मोह होतो. घासकागदानें गंजाबरोबर मूळची निळसर-काळी झिलई व कोरलेलीं अक्षरें दोन्ही जातात, आणि जाणत्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें निम्मी वस्तु तेथेंच संपते. खोबरेल तेलहि नको. तें कालांतरानें चिकटतें. चामड्याच्या म्यानांत ठेवणें तर समुद्रकांठच्या दमट हवेंत गंजाला आमंत्रणच होय.

ओळख पटवितांना आधीं हें पाहावें कीं, वस्तु रिव्हॉल्व्हरच आहे काय. आपण सगळ्यांनाच पिस्तूल म्हणतों. १९०९ सालीं नाशिकास अनंत कान्हेरे यांनीं जॅक्सनवर झाडलें तें ब्राउनिंग पिस्तूल होतें. त्याचीं काडतुसें मुठींतल्या पेटींतून आपोआप वर येतात. रिव्हॉल्व्हरमध्यें पांच-सहा घरांचें चक्र फिरतें. तें चक्र कसें उघडतें, यावरून पुष्कळ कळतें. नळी पुढें मोडून उघडणारें व त्याबरोबर रिकामीं काडतुसें वर उचलून देणारें रिव्हॉल्व्हर असेल, तर तें बर्मिंगहॅमच्या वेब्लीचें असण्याचा संभव मोठा. त्या कारखान्याचें रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्यानें १८८७ सालीं स्वीकारलें, आणि त्याची सहावी आवृत्ति पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं निघाली. चक्र बाजूला झुकत असेल, तर अमेरिकेच्या कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसन यांची आठवण करावी.

नांव मात्र जपून वाचावें. नळीवर कलकत्त्याच्या मँटनचें किंवा आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचें नांव दिसलें, तर तें बहुधा विकणाऱ्याचें असतें, घडविणाऱ्याचें नव्हे. खरी साक्ष लहान ठशांची. मुकुटाखालीं बी. पी. हीं अक्षरें म्हणजे १९०४ नंतरची बर्मिंगहॅमची परीक्षा; लंबवर्तुळांत ई. एल. जी. म्हणजे बेल्जममधील लीएज. तेथें इंग्रजी नमुन्यांच्या स्वस्त नकला खंडोगणती होत. तीन रेषांचा बाण सरकारी मालकी दाखवितो. टोंकाला टोंक लावलेले दोन बाण असले, तर तें हत्यार सरकारनें रीतसर विकून टाकलेलें, असें समजावें.

आतां किंमत. येथें एक विपरीत न्याय दिसतो. ०.४५५ इंची वेब्ली महायुद्ध पाहिलेली, इतिहासानें भरलेली; पण ०.३८० व ०.४५५ इंची लष्करी काडतुसें घेणारीं रिव्हॉल्व्हरें आपल्या कायद्यानें निषिद्ध वर्गांत मोडतात, म्हणून तिला गिऱ्हाईक जवळजवळ नाहीं. उलट ०.३२ इंची साधें परदेशी रिव्हॉल्व्हर, चालू स्थितींत असल्यास, लाखांच्या हिशेबांत जातें. कारण खासगी आयात बंद होऊन आतां कित्येक वर्षें झालीं. विलायतेंतल्या लिलांवांचे आंकडे वाचून हुरळून जाऊं नये. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तु १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें खासगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहीं.

आणि हें सारें कोणाला दाखवावयाचें तें कसें? पिशवींत घालून मुंबईच्या दुकानीं न्यावें, ही सूचना घरांतला एखादा जांवई हटकून करतो. ती ऐकूं नये. परवाना मृत व्यक्तीच्या नांवचा. त्यावर वारसाला हत्यार बाळगतां येत नाहीं, मग नेणें दूरच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना हत्यारास दोन ते पांच वर्षांची कैद आहे, आणि निषिद्ध वर्गांतलें असेल तर सात ते चौदा वर्षांची. सावंतवाडी संस्थानच्या शिक्क्याचा कागद पेटींत सांपडला, तर तो जरूर जपावा, वस्तूची वंशावळ त्यानें सिद्ध होते. परंतु १९४८ सालीं विलीन झालेल्या संस्थानाचा कागद आज परवाना होऊं शकत नाहीं. ‘गंजलेलें आहे, शोभेचें आहे’ हेंहि उत्तर पुरत नाहीं. दुरुस्त करूनहि जें कधींच चालणार नाहीं अशाच जुनाट हत्यारास १९५९ च्या कायद्यांत सूट आहे, आणि तें ठरविणें घरच्या माणसाचें काम नव्हे.

मार्ग आहे तो सरळ. ठाण्याच्या अधिकाऱ्याला बोलावून, किंवा त्याच्या सांगण्याप्रमाणें, विनाविलंब हत्यार जमा करावें व पावती घ्यावी. जमा केलें म्हणजे गमावलें, ही समजूत लोकांत फार आहे. तसें नाहीं. ठराविक मुदतींत वारसानें परवाना मिळविला तर तें परत मिळतें, अथवा परवानाधारकास विकतां येतें. मुदत गेली तर मात्र तें सरकारजमा होतें. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, मृत्यूचा दाखला व इतर वारसांची ना-हरकत जोडून. भावाभावांत वाटणीचा वाद असेल, तर मुदत अशीच निघून जाते.

परवानाधारक वडील हयात असतील, तर काम आणखी सोपें आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणें त्यांना सत्तर वर्षें झालीं, किंवा हत्यार पंचवीस वर्षें त्यांच्याजवळ असलें, तर तें वारसाच्या नांवें करून देण्याचा अर्ज त्यांना स्वतः करतां येतो. तो करतांनाच त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घ्यावें, कीं तें कोणीं, कोठें, कोणत्या सालीं घेतलें, आणि कधीं झाडलें होतें काय.