विद्यापीठातील संशोधन अभियंता : आपल्या मुलामुलींसाठी एक वाट

भाताच्या कापणीसाठी दातेरी वैभव विळा आणि देठासह आंबा उतरविण्यासाठी नूतन झेला ही दोन्ही अवजारे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने शेतकऱ्यांना दिली. अकोल्याच्या विद्यापीठाने तयार केलेल्या लहान डाळ गिरणीमुळे तुरीची डाळ गावातच करणे शक्य झाले. अशी अवजारे घडविण्याच्या कामी विद्यापीठांत जी पदे असतात, त्यांत संशोधन अभियंता हे एक महत्त्वाचे पद होय. ते भरण्याची जाहिरात निघते तेव्हा आपल्या गावातील एखादी मुलगी वा मुलगा अर्ज करण्यास पात्र असावा, या हेतूने ही माहिती देत आहोत.

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरीचे 1968 साली, अकोल्याचे 1969 साली आणि दापोली व परभणी येथील 1972 साली स्थापन झाले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या समन्वित संशोधन योजना विद्यापीठांतून चालतात. शेती अवजारे व यंत्रे यांसंबंधीच्या योजनेचे सूत्रसंचालन भोपाळ येथील मध्यवर्ती कृषी अभियांत्रिकी संस्थेकडून होते.

संशोधन अभियंत्याचे काम केवळ आराखडे काढण्याचे नव्हे. उदाहरणार्थ, बैलजोडी आपल्या एकूण वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकीच ओढ दीर्घकाळ सोसू शकते; म्हणजे 800 किलो वजनाच्या जोडीस सुमारे 80 किलो. अवजाराची फास किती रुंद ठेवावी, ती जमिनीत किती खोल जावी, हे या मर्यादेत बसवावे लागते. त्यासाठी निरनिराळ्या जमिनींत अवजार चालवून ओढ मोजावी लागते व दोष आढळल्यास ते पुन्हा घडवावे लागते. ज्याने घरी तिफण धरली आहे, ओल्या मातीने नळी तुंबलेली पाहिली आहे, त्याला अडचण कोठे आहे हे लवकर उमगते. ती अडचण मोजावी कशी व दूर करावी कशी, हे शिक्षणाने कळते.

या शिक्षणाची पहिली पायरी म्हणजे कृषी अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी. बारावी विज्ञान शाखेनंतर प्रवेश परीक्षा देऊन तिला प्रवेश मिळतो. पुढे यंत्रे व शक्ती या विषयातील पदव्युत्तर पदवी घ्यावी. वरिष्ठ पदांसाठी पीएच.डी. व अनुभव यांची अपेक्षा असते. शिक्षण पूर्ण होताच योजनेतील संशोधन सहायकासारख्या मुदतीच्या जागेवर काम केल्यास पुढे तो अनुभव उपयोगी पडतो.

जाहिरात वाचताना चार गोष्टी नीट पाहाव्यात : पद कायम आहे की योजनेच्या मुदतीपुरते, पदवीचा नेमका विषय कोणता, अनुभव किती वर्षांचा हवा, आणि अर्जाची अखेरची तारीख कोणती. पदवी दुसऱ्या विषयाची असल्यास गुण उत्तम असूनही अर्ज बाद होऊ शकतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट अगत्याने करावी. दहावीचा निकाल लागताच शेतकरी कुटुंबांतील होतकरू मुलामुलींस भेटावे आणि अकरावीस गणित सोडू नका, असे सांगावे. गणित सुटले की कृषी अभियांत्रिकीचे दार तेथेच बंद होते; पुढे कितीही जागा निघाल्या तरी त्या आपल्या मुलांच्या कामी येत नाहीत. मुलींच्या पालकांस हे विशेषेकरून सांगावे. निंदणी, कापणी व मळणीचे कष्ट ज्यांच्या माथी आहेत, त्यांच्याच लेकींनी ते हलके करण्याचे काम हाती घेतले, तर अवजार हाताला बसेल असेच घडेल.